सारंगखेड्याचा घोडेबाजार

सारंगखेड्याचा घोडेबाजार : महाराष्ट्र राज्याच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादे तालुक्यातील सारंगखेडे या तापीकाठच्या गावी दरवर्षी मार्गशीर्ष पौर्णिमेपासून भरणारा घोड्यांचा बाजार. गावातील एकमुखी दत्ताच्या यात्रेबरोबर तो भरतो आणि महाराष्ट्रातील घोड्यांच्या मोठ्या बाजारांत त्याची गणना होते. बाजाराची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी असल्याचे परिसरात मानले जाते. नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. तत्पूर्वी हा सर्व मुलूख धुळे, म्हणजेच जुन्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा, मध्यभागी सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेकडे तापीचे सुपीक खोरे अशी त्याची ठेवण आहे. या जिल्ह्यात ना घोड्याची स्वतंत्र जात निपजली, ना येथे रानघोडे राहिले. तरीही घोड्याचा एवढा मोठा बाजार येथेच का उभा राहिला, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय. त्याच्या उत्तरासाठी घोडा मुळात कोठे राहतो आणि दख्खनमध्ये तो कसा आला, हे पाहावे लागते.

घोडा हा मूळचा गवताळ, कोरड्या व थंड मैदानांचा प्राणी. त्याच्या कुळाची उत्क्रांती मुख्यतः उत्तर अमेरिकेत झाली, मात्र सु. दहा हजार वर्षांपूर्वी तेथून तो नामशेष झाला आणि पुढे स्पॅनिश लोकांनी समुद्रमार्गे नेला तेव्हाच त्या खंडावर पुन्हा दिसू लागला. पूर्व यूरोपातील टारपान या रानघोड्याचा शेवटचा ज्ञात प्राणी १९०९ मध्ये बंदिवासात मेला. मंगोलियातील प्रझेवाल्स्की घोडा १९६० नंतरच्या दशकात निसर्गातून नाहीसा झाला. प्राणिसंग्रहालयांत जगलेल्या थोड्या घोड्यांची वीण वाढवून १९९२ पासून तो पुन्हा मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात सोडण्यात आला. अमेरिकेतील मुस्टँग किंवा ऑस्ट्रेलियातील ब्रंबी यांना लोकव्यवहारात रानघोडे म्हणत असले, तरी ते पाळीव घोड्यांचे मोकाट झालेले वंशज आहेत. भारतातही अशी उदाहरणे आहेत. आसामातील दिब्रू-सैखोवा अरण्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी घोड्यांची समजली जाणारी संतती मोकाट फिरते आणि तमिळनाडूतील कोडिक्करै (पॉइंट कॅलिमियर) येथेही मोकाट तट्टे आढळतात. पाळीव घोड्याचे मूळ कोठले, हा वाद दीर्घकाळ चालला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकद्रव्याच्या अभ्यासानुसार आजच्या सर्व पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा व डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांच्या परिसरात असून तेथून ते इ. स. पू. सु. २२०० नंतर झपाट्याने सर्वत्र पसरले.

भारतात घोड्याच्या कुळातील प्राणी मुळीच नव्हते असे मात्र नाही. नर्मदेच्या खोऱ्यातील प्लाइस्टोसीन कालखंडाच्या थरांत इक्वस नमाडिकस या अश्ववर्गीय प्राण्याचे जीवाश्म सापडले आहेत; नर्मदेच्या नावावरूनच त्याचे नामकरण झाले. तो मानवाने माणसाळविण्यापूर्वीच नष्ट झाला आणि आजच्या घोड्याशी त्याचे थेट नाते नाही. सध्या भारतात खऱ्या अर्थाने रानटी असे अश्ववर्गीय प्राणी दोनच : लडाखच्या पठारावरील किआंग आणि कच्छच्या छोट्या रणातील रानगाढव अथवा घोरखर. १९६० नंतर ‘सरा’ या रोगामुळे घोरखरांची संख्या झपाट्याने घटली व १९६९ च्या गणनेत ती अवघी ३६२ भरली. रणाला अभयारण्याचा दर्जा मिळाल्यावर ती सावरली आणि २०२४ च्या गणनेत ७,६७२ इतकी नोंदली गेली. रानगाढव व घोडा यांची हाडे एकमेकांपासून ओळखणे कठीण असते. त्यामुळेच कच्छमधील सुरकोटडा या सिंधू संस्कृतीच्या स्थळी मिळालेली हाडे घोड्याची की रानगाढवाची, यावर तज्ञांत मतभेद राहिले.

तापी खोऱ्यात वस्ती जुनी आहे. सारंगखेड्याप्रमाणेच शहादे तालुक्यात, तापी व गोमाई यांच्या संगमावर असलेल्या प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५४–५५ मध्ये केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनचे थर उघडकीस आले. त्या काळातील दख्खनचा शेतकरी बैलावर विसंबून होता. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध ब्राँझ रथाला बैलांची जोडी जुंपलेली आहे, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी होय. घोड्याचा निःसंदिग्ध व ठळक पुरावा महाराष्ट्रात मिळतो तो विदर्भातील महापाषाणीय शिलावर्तुळांत. नागपूरजवळील माहूरझरी येथे शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननात मृतांबरोबर पुरलेल्या घोड्यांची हाडे, घोड्याच्या मुखावर चढवावयाचे तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगामाच्या कड्या मिळाल्या. इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील त्या लोकांना घोडा इतका मोलाचा वाटत होता, की धन्याबरोबर त्यालाही मातीत जावे लागले.

यापुढील दोन हजार वर्षे घोडा हे दख्खनमध्ये बाहेरून आणावयाचे धन राहिले. कौटिलीय अर्थशास्त्रात कांबोज, सैंधव, आरट्ट व वनायू येथील घोडे उत्तम मानले आहेत; दख्खनचे नावही त्या यादीत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात अश्वविद्येला स्वतंत्र स्थान असून घोड्यावर बसून खेळावयाच्या चेंडूच्या खेळाचेही वर्णन आहे. परंतु राजे घोड्यांचे शौकीन असले, तरी घोडे निपजत होते ते अरबस्तान, इराण व मध्य आशियात. तेराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावरून गेलेल्या मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी मोठी मार्मिक हकीकत दिली आहे. चाच्यांनी लुटलेल्या जहाजांवरील इतर माल त्यांचा, मात्र घोडे राजाचे, असा त्याचा चाच्यांशी करार होता. बहमनी व त्यानंतरच्या शाह्यांच्या काळात चौल, दाभोळ व गोवे या बंदरांतून अरबी घोडे घाटावर येत. उष्ण व दमट किनाऱ्यावर घोडा टिकत नसे आणि त्याची वीणही नीट होत नसे, त्यामुळे ही आयात कधी थांबली नाही. बंदर सोडून आतल्या कोरड्या पठारावर किंवा खोऱ्यात पोहोचणे, हे घोड्याच्या व्यापारात म्हणूनच निकडीचे ठरले.

येथे तापीच्या खोऱ्याचे महत्त्व दिसून येते. सह्याद्री आणि सातपुडा यांच्यामधून समुद्राकडे उतरणारी ही एक रुंद, सपाट वाट आहे. तिच्या एका टोकाला सुरत बंदर आणि दुसऱ्या टोकाला बऱ्हाणपूर. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी थाळनेर तापीच्याच काठी, सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला आहे. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेऊन फारुकी सत्ता संपविल्यावर बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिण मोहिमांचे मुख्य ठाणे बनले आणि सुरत–बऱ्हाणपूर मार्गावरील रहदारी अनेक पटींनी वाढली. आईन-इ-अकबरीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे ठिकाण म्हणून नोंदलेले आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ मध्ये सुरतेहून याच वाटेने, नंदुरबार व थाळनेरवरून, बऱ्हाणपुरास गेला. सारंगखेडे हे या मार्गालगत, तापीच्या उत्तर तीरावर आहे. सुरतेकडून येणारे अरबी व इराणी घोडे, काठेवाड-कच्छकडून गुजरातमार्गे उतरणारे घोडे आणि माळव्याकडून सेंधव्याच्या घाटाने येणारे घोडे या सर्वांना हे खोरे सोयीचे होते. हिवाळ्यात तापीचा प्रवाह आटोपशीर होतो, काठावर मोकळी जागा व पाणी मिळते आणि खरीप निघाल्यामुळे ज्वारीचा कडबा मुबलक असतो. बाजाराच्या जुनेपणाविषयीच्या स्थानिक परंपरेला हा भूगोल दुजोरा देतो.

आयातीइतकेच महत्त्व मागणीला होते, आणि ती मराठी सत्तेच्या काळात विलक्षण वाढली. मोठ्या, जड घोड्यांवर चिलखती स्वार हे मोगली लष्कराचे वैशिष्ट्य. त्याउलट मलिक अंबरच्या काळापासून दख्खनी सैन्याने हलक्या, चपळ घोडदळाचे तंत्र अवलंबिले. भीमेच्या खोऱ्यातील ठेंगणा, काटक, थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारणारा भीमथडी घोडा या तंत्राचा कणा होता. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग असत. बारगीराला घोडा व हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी अशी उतरंड होती आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद व एक पखालजी नेमलेला असे. या व्यवस्थेचा अर्थ घोड्याच्या बाजाराच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पागेला दरवर्षी मेलेल्या व निकामी झालेल्या घोड्यांची भरपाई करावी लागे, म्हणजे सरकार हे कायमचे गिऱ्हाईक. शिलेदाराचा तर संसारच घोड्यावर उभा. लढाईत माणूस वाचला आणि घोडा गेला, तर त्याची चाकरी गेली व रोजमुराही गेला; नवा घोडा मिळेपर्यंत तो स्वार राहत नसे. त्यामुळे अनेक शिलेदार लढाईत घोडा राखून लढत, अशी तक्रार तत्कालीन सेनानींना करावी लागे. पानिपतच्या छावणीत १७६० च्या अखेरीस दाणावैरण तुटून घोडी मरू लागली, तेव्हा मराठी फौजेचे बळ लढाईपूर्वीच खचले होते.

भालकीच्या तहाने (१७५२) खानदेशाचा मोठा भाग निजामाकडून मराठ्यांकडे आला. पेशवे, होळकर व शिंदे यांच्या फौजांची उत्तरेकडील ये-जा याच मुलखातून होत असे. फौज जाते तेथे घोडे विकले जातात, बदलले जातात आणि लुटलेलेही खपतात. अठराव्या शतकातील मराठी घोडदळाचा हा रस्ता आणि सारंगखेड्याच्या बाजाराचा परंपरेने सांगितलेला काळ यांचा मेळ बसतो, तो योगायोग नव्हे. मात्र हीच गोष्ट खानदेशाच्या मुळावर आली. १८०२–०३ मधील यशवंतराव होळकरांच्या फौजांची धामधूम, पाठोपाठचा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचे हल्ले यांनी गावेच्या गावे ओस पडली. घोड्याने आणलेली समृद्धी आणि घोड्याच्या टापांखाली झालेला नाश, या दोहोंची आठवण खानदेशाने सारखीच जपली आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली व खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. त्याबरोबर शिलेदारांचा धंदा बसला. फार थोडे स्वार कंपनीच्या रिसाल्यांत गेले. बाकीचे नांगराकडे वळले. इंग्रजांच्या घोडदळाला व तोफखान्याला उंच घोडे हवे असत. ते मुंबईतील अरब सौदागरांकडून आणि पुढे ऑस्ट्रेलियातून ‘वेलर’ या नावाने आयात होऊ लागले. भीमथडी घोड्याकडे सरकारचे दुर्लक्ष झाले, तो खालावला आणि ‘तट्टू’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरात आला. लष्करी मागणी आटली तरी घोडा लगेच संपला नाही. एकोणिसाव्या शतकात रस्ते झाले तसा तो टांग्याला, टपालाला व श्रीमंतांच्या बग्गीला जुंपला गेला. मुंबईत ९ मे १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्राम घोड्यांनी ओढली. सुरत–भुसावळ हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला, तेव्हा नंदुरबार व दोंडाईचे ही स्थानके झाली आणि स्थानकापासून गावापर्यंतची वाहतूक टांगेवाल्यांच्या हाती गेली. पाटील, देशमुख, जहागीरदार आणि सातपुड्याच्या पायथ्याचे मेवासी संस्थानिक यांच्या दारी घोडा असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. शिलेदाराच्या जागी आता टांगेवाला, सावकार व पाटील ही गिऱ्हाइके आली आणि बाजार चालू राहिला.

दत्तजयंती ही मार्गशीर्ष पौर्णिमेला येते. दत्ताची त्रिमुखी मूर्ती सर्वत्र रूढ असली, तरी एकमुखी दत्ताची उपासनाही महाराष्ट्रात जुनी आहे. सारंगखेड्यास खानदेशाबरोबरच गुजरात व मध्य प्रदेशातूनही भाविक येतात. या तिथीचा घोड्याच्या व्यापाराशी असलेला संबंध मात्र सहसा ध्यानात घेतला जात नाही. राजस्थानातील पुष्करचा व बिहारमधील सोनपूरचा मेळा हे कार्तिक पौर्णिमेला भरतात. त्यानंतर बरोबर एका महिन्याने सारंगखेड्याची यात्रा लागते आणि मार्गशीर्ष वद्य पक्षात नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात मालेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. तीही घोडे व इतर जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. मालमोटारी नव्हत्या तेव्हा पुष्करला न विकलेले घोडे हाकीत एका महिन्यात तापीकाठी आणणे शक्य होते. उत्तरेत थंडी वाढते, त्याच वेळी दक्षिणेत चारापाणी असते. अशा रीतीने हा बाजार एका मोठ्या साखळीतील कडी आहे. घोडा पाळणाऱ्या मारवाड-काठेवाडच्या रुक्ष प्रदेशातून घोडा विकत घेणाऱ्या दख्खनकडे जाणारा माल येथे हात बदलतो. महाराष्ट्रात येवले, अकलूज अशा ठिकाणीही घोड्यांचे बाजार भरतात. तथापि सारंगखेड्याइतका परप्रांतीय माल क्वचितच दिसतो.

बाजारात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, पंजाब व उत्तर प्रदेश येथून घोडे येतात. टोके आत वळून एकमेकांना टेकणारे कान ही मारवाडी व काठेवाडी घोड्यांची सहज दिसणारी खूण, त्यांपैकी मारवाडी उंच (सु. १५० सेंमी. व अधिक) आणि काठेवाडी किंचित ठेंगणा, आखूड व रुंद कपाळाचा असतो. कच्छी-सिंधी घोड्याचे नाक बाकदार असून तो ‘रेवाल’ चालीसाठी, म्हणजे स्वाराला धक्का न देणाऱ्या जलद चालीसाठी, नावाजलेला आहे. २०१७ मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. पंजाबकडून येणाऱ्या गुलाबी कातडीच्या पांढऱ्याशुभ्र घोड्यांना ‘नुकरा’ म्हणतात व वरातीसाठी त्यांना मोठी मागणी असते. रंगांवरून कुमाईत, अबलख, मुश्की अशी नावे पडली असून चारही पाय व कपाळ पांढरे असलेल्या घोड्यास ‘पंचकल्याण’ म्हणतात. त्याला चांगली किंमत येते.

घोडा पारखण्याची रीत हा या बाजाराचा सर्वांत जिवंत भाग होय. जाणकार प्रथम दात पाहतो. अडीच वर्षांच्या सुमारास घोड्याचे मधले दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, पुढच्या वर्षी शेजारचे दोन आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत कडेचे दोन. त्यानंतर खालच्या दातांवरील काळे खड्डे मधून कडेकडे क्रमाने झिजत जातात व आठव्या वर्षी नाहीसे होतात. त्यापुढे वयाचा अंदाज दाताच्या आकारावरून व कलावरून बांधावा लागतो आणि विकणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवण्याची वेळ येते. दातांनंतर खूर, गुडघे, छाती व श्वास पाहतात; मग घोडा चालवून, पळवून व एकदम थांबवून पाहतात. याखेरीज भोवरे तपासले जातात. गळ्यावरील ‘देवमण’ हा भोवरा अत्यंत शुभ, तर डोळ्यांखालचा भोवरा अशुभ मानतात. शालिहोत्र व नकुल यांच्या नावे प्रचलित असलेल्या अश्वशास्त्रीय ग्रंथांत अशा लक्षणांची विस्तृत चर्चा आढळते. भोवऱ्याचा घोड्याच्या बळाशी काही संबंध नाही, हे उघड आहे. पण किंमत ठरविताना तो संबंध असतोच, कारण अशुभ भोवऱ्याचा घोडा पुढे दुसऱ्यास विकता येत नाही. धडधाकट घोडा केवळ एका भोवऱ्यापायी निम्म्या किमतीत जावा, हा त्या मुक्या जनावरावर अन्यायच म्हटला पाहिजे.

घोड्यांभोवती त्यांच्या सामानाचाही बाजार मांडला जातो. खोगीर, लगाम, रिकीब, तंग, तोबरा, खरारा, घुंगुरमाळा व नाल यांची दुकाने लागतात. नालबंद जागेवरच खूर तासून नाल ठोकून देतात. बैल, शेतीची अवजारे, भांडी, घोंगड्या, खेळणी व खाद्यपदार्थ यांची खरेदीही मोठी असते आणि रात्री तमाशाचे फड रंगतात. मराठी भाषेतील ‘खोगीरभरती’, ‘चौखूर उधळणे’, ‘लगाम खेचणे’, ‘वरातीमागून घोडे’ अशा प्रयोगांचा मूळ अर्थ आज नागर वाचकाला कोशात शोधावा लागतो. येथे तो डोळ्यांनी पाहता येतो.

नंदुरबार जिल्ह्यातील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार सु. ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची या समाजांच्या यात्रेतील सहभागाशिवाय बाजाराचे चित्र पुरे होत नाही. परंतु घोडा विकत घेणाऱ्यांत डोंगरातील माणूस पूर्वीही थोडा होता व आजही थोडाच आहे. सातपुड्याच्या चढणीवरील त्याच्या शेताला बैल हवा असतो आणि घोड्याचा दाणा परवडत नाही. असे असूनही त्याच्या श्रद्धाविश्वात घोड्याचे स्थान फार मोठे आहे. नर्मदेच्या उत्तर तीरावरील अलिराजपूर व छोटा उदेपूर भागातील राठवा व भिल्ल लोक नवस फेडताना घराच्या भिंतीवर पिठोऱ्याची चित्रे लिहवून घेतात. त्यांत ओळीने येणारे देवांचे घोडे हाच मुख्य विषय असतो. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात देवस्थानी मातीचे घोडे वाहण्याची चाल आहे. राजे, सरदार व ठाणेदार घोड्यावरून आले, म्हणून देवही घोड्यावरूनच येतो, अशी या कल्पनेची एक उपपत्ती देता येते. ज्यांच्या अंगणात घोडा क्वचितच बांधला गेला, त्यांनी तो देवाच्या नावे भिंतीवर बांधून ठेवला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटार, सायकल व ट्रॅक्टर यांनी घोड्याचे उरलेसुरले काम काढून घेतले. पशुगणनेचे आकडे ही घसरण स्पष्ट करतात. भारतातील घोडे व तट्टे यांची संख्या २०१२ मध्ये सु. ६.२५ लाख होती, ती २०१९ मध्ये ३.४२ लाखांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मे घोडे कमी झाले. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला आणि त्या बंद पडल्या. महाराष्ट्रात घोड्याला नित्याचे काम आता मोजक्याच ठिकाणी आहे. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे तेथे चारशेहून अधिक घोडे माणसे वाहतात. महाबळेश्वर-पाचगणीला ते पर्यटकांना फिरवितात. पुणे परिसरात शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते. आणि लग्नसराईत नवरदेवासाठी घोडी लागते. सारंगखेड्याच्या बाजाराचे गिऱ्हाईकही त्यानुसार पालटले आहे. वरातीचे व नाचाचे घोडे पुरविणारे व्यावसायिक, हौसेने घोडा पाळणारे बागायतदार व राजकीय पुढारी हे आता मुख्य खरेदीदार होत. काही घोड्यांना लाखो रुपये किंमत येते आणि कोटींच्या मागणीचे आकडेही वृत्तपत्रांतून झळकतात. असे घोडे बहुधा विक्रीपेक्षा प्रदर्शनासाठी आणि वळूच्या शुल्कासाठी आणलेले असतात. खरा बाजार त्यांच्या मागच्या रांगांत, सामान्य घोड्यांच्या सौद्यांत चालतो.

अलीकडील काळात यात्रेला ‘चेतक महोत्सव’ अशी जोड मिळाली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या सहभागाने २०१७ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर साजरा झाला. घोड्यांच्या शर्यती, नृत्य, सौंदर्यस्पर्धा व तंबूंचे निवास यांमुळे गावाचे नाव दूरवर पोहोचले. महोत्सवाला मिळालेले नाव मात्र मेवाडच्या महाराणा प्रतापांच्या घोड्याचे आहे. ते बाजारातील मालाला शोभणारे असले, तरी ज्या घोड्याच्या पाठीवर मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, त्या भीमथडीची आठवण त्यात नाही. ही जात नष्ट झाली, असेच अनेक वर्षे लिहिले जात होते. वस्तुतः ती मेंढपाळांच्या कळपांबरोबर टिकून राहिली होती. धनगर मेंढपाळ, आणि धुळे-नंदुरबारकडील ठेलारीही, पावसाळा संपताच चाऱ्यासाठी बाहेर पडतात तेव्हा त्यांचे सारे बिऱ्हाड, म्हणजे भांडी, पाले, अंथरुणे, कोंबड्या, नवी कोकरे व कधी लहान मूलही, घोडीच्या पाठीवर असते. दख्खनी रक्ताची ही घोडी दिखाऊ नसल्याने कोणत्याही स्पर्धेत उतरली नाही. राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३-२४ मध्ये भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हा मारवाडी, काठेवाडी, कच्छी-सिंधी, स्पिती, झंस्कारी, भुतिया व मणिपुरी यांच्या पंक्तीत महाराष्ट्राच्या घोड्याला प्रथमच अधिकृत जागा मिळाली.

अनेक प्रांतांचे घोडे एकत्र येतात तेथे रोगाचे भय असते. ग्लँडर्स (शेंबा) हा जीवाणुजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. काही वर्षांच्या खंडानंतर २००६ मध्ये तो भारतात पुन्हा उद्भवला, तो महाराष्ट्रातच. बाधित घोडा मारून टाकण्यावाचून त्यावर उपाय नाही. त्यामुळे अशा बाजारांत रक्ततपासणीच्या दाखल्याला महत्त्व आले आहे. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र (स्थापना १९८५) या रोगांच्या निदानाचे काम करते.

तापीवर सारंगखेडे येथे बंधारा झाल्यापासून नदीकाठ पूर्वीसारखा उघडा राहिलेला नाही. बाजाराला पाणी मात्र भरपूर मिळते. पौर्णिमेनंतर यात्रा पुढे चालू राहते, तरी मोठे सौदे पहिल्या काही दिवसांतच उरकतात. न विकलेले घोडे मालमोटारींत चढवून काही व्यापारी दोंडाईच्याचा रस्ता धरतात व मालेगावच्या खंडोबाकडे निघतात. काही तापीच्या उतारानेच गुजरातकडे परततात.